जर्मनीत स्वतःचा धंदा: निवास परवान्याची तयारी
आधी ठरवा, तुम्ही कुठल्या खान्यात बसता. निवास कायद्याच्या कलम 21 मध्ये दोन वाटा आहेत: दुकान, हॉटेल, कंपनी काढणाऱ्यांची एक, आर्किटेक्ट, इंजिनिअर, अनुवादक, पत्रकार अशा फ्रीलान्सरांची दुसरी. पहिलीत बिझनेस प्लॅन, भांडवलाचा पुरावा आणि त्या भागाला धंद्याचा उपयोग काय, हे दाखवावं लागतं.

दुसरीत गाडी बहुधा ग्राहकांच्या पत्रांवर अडते. ‘सोबत काम करायला आवडेल’ एवढंच पत्र कुचकामी. काम कोणतं, किती तास, मोबदला किती, हे लेटरहेडवर सहीनिशी हवं. वय 45 च्या वर असेल तर म्हातारपणाच्या तरतुदीचे कागदही जोडा.

नॅशनल व्हिसा (दीर्घ मुक्कामाचा) इथून निघण्याआधीच घ्यायचा. टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथे बदलून घेऊ, हा बेत सोडा.