बोटीचं डिझेल इंजिन घ्यायला निघायच्या आधी

मागच्या उन्हाळ्यात नागपूरकडच्या खिंडसी तलावावर आमची बोट पंधरा दिवस दोराला बांधून होती, एका मुठीएवढ्या रबरी चक्रापायी. रॉ वॉटर पंपाचा इंपेलर, म्हणजे इंजिन थंड करायला बाहेरचं पाणी ओढणाऱ्या पंपातलं पात्यांचं चक्र. इंजिन घेताना हॉर्सपॉवर, किंमत, किती तास चाललं, सगळं विचारलं, फक्त इंपेलर कुठून आणायचा हे विचारलं नाही. आता दुसरं इंजिन पाहून राहिलो, तुम्हीही पाहून राहिले असाल तर हे वाचून जा.

पहिले नेमप्लेटचा फोटो. वर ग्रीसचा थर असतो, फडक्याने पुसा, मॉडेल आणि सिरीयल नंबर दोन्ही वाचता आले पाहिजे, नाहीतर फोनवर कोणी पार्ट सांगत नाही.

मग ब्लॉक मुळात कशाचा ते विचारा. बरीच मरीन इंजिनं ट्रॅक्टर, ट्रक नाहीतर जनरेटरच्या ब्लॉकवरच बनतात, नान्नी आणि बीटा या मरीन इंजिनवाल्या कंपन्यांची बरीच मॉडेलं ट्रॅक्टरवाल्या कुबोटाच्या ब्लॉकवर आहेत, आपल्याकडे किर्लोस्कर आणि अशोक लेलँडही मरीन इंजिनं बनवतात. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या माणसासाठी हे फार मोठं आहे, कारण ओळखीचा ब्लॉक असला की पिस्टन रिंगा, ऑइल फिल्टर, इंजेक्टर नागपुरातच होऊन जातात, नागपूरजवळच्या वाडीतला ट्रकचा मिस्त्रीही हात घालतो. पण पाण्याकडचे पार्ट, म्हणजे हीट एक्स्चेंजर (बाहेरच्या पाण्याने इंजिनचं कूलंट थंड करणारा), एग्झॉस्ट एल्बो (धूर बाहेर नेणारा वाकडा पाईप) आणि तोच इंपेलर, ट्रॅक्टरच्या दुकानात नाही भेटत. यानमार, व्होल्वो पेंटा इंजिनं उत्तमच, वाद नाही, पण पार्ट बाहेरून मागवावा लागेल हे धरून चाला. माझ्या लेखी भरवशाचं इंजिन तेच ज्याचा पार्ट दोन-तीन दिवसांत हातात येतो.

आता इंपेलर. बोट चार महिने उभी होती, पात्या दबल्या जागीच कडक झाल्या, स्टार्ट केल्यावर थोड्या वेळात तापमानाचा अलार्म. पंपाचं झाकण काढलं तर मधात पितळेचा गाभा अन् दोनच पात्या, बाकी चार गायब. त्यांचे तुकडे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी, चिमट्याने एकेक काढले. तुकडे मोजून काढा, एक जरी आत राहिला तर नव्या इंपेलरवरही इंजिन तापतं. दोन इंपेलर आणि झाकणाची गॅस्केट बोटीतच ठेवा, घरी नाही, बोटीत. अंगणात ट्रायल घेत असाल तर पंपाचा पाईप पाण्याच्या टाकीत सोडूनच, कोरडा इंपेलर मिनिटाभरात जळतो.

समुद्रावर चाललेलं जुनं इंजिन असेल तर एल्बो उघडून बघाच, खारं पाणी अन् गरम धूर दोन्ही तिथेच भेटतात, आतून गंज आणि काजळीने भरतो. ट्रायलच्या आधी ब्लॉकला हात लावा, गरम लागला तर विकणाऱ्याने आधीच चालवून ठेवलं, थंड होऊ द्या म्हणा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे लोड जास्त नाहीतर हवा कमी.

डिझेल फिल्टर, पाणी वेगळं करणारा कप, बेल्ट, गिअरबॉक्सचं तेल, माउंट, हे माहीतच आहे. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, अर्ध्या टाकीत पाणी धरतं. इंजिनचं तेल तासांवर नाहीतर वर्षावर बदला, जे आधी येईल ते.

आणि टोकन द्यायच्या आधी इंपेलरचा पार्ट नंबर घ्या, दुकानदाराला फोन लावा, माल आहे का विचारा. आहे म्हणाला तरच पैसे काढा.