एच-फोर जोडीदाराचा पहिला टॅक्स रिटर्न: पाकिटात काय घालायचं, कुठे पाठवायचं

अमेरिकेत आल्यावर पहिल्या टॅक्स सीझनला बऱ्याच मराठी घरांत हाच पेच पडतो. एकाचा सोशल सिक्युरिटी नंबर आहे, दुसरा एच-फोरवर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा), म्हणून नंबर नाही. सॉफ्टवेअरमध्ये सगळं भरून होतं आणि शेवटी ते सांगतं: ई-फाइल होणार नाही, प्रिंट काढून पोस्टाने पाठवा. कंटाळून एकट्याचा रिटर्न भरू नका. २०२५ सालासाठी जोडीने भरल्यास स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) ३१,५०० डॉलर, वेगळं भरल्यास १५,७५०. एवढ्या फरकासाठी एक पाकीट नीट भरणं नक्कीच परवडतं.

जोडीदारासाठी आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसणाऱ्यांचा टॅक्स नंबर) मागायचा, त्याचा फॉर्म डब्ल्यू-७. तो रिटर्नच्या सगळ्यात वर ठेवा. त्यावर सही जोडीदाराची, आणि १०४० वर, म्हणजे रिटर्नच्या मुख्य फॉर्मवर, दोघांची, शाईच्या पेनाने. १०४० वर जोडीदाराच्या नंबरची जागा कोरी ठेवा. जोडीदार त्या वर्षी टॅक्सपुरता नॉनरेसिडेंट (रहिवासी नसलेला) धरला जात असेल, तर 'आम्ही दोघंही रेसिडेंट म्हणून भरतो' असं निवेदन दोघांच्या सहीने जोडावं लागतं. सॉफ्टवेअर ते बहुधा स्वतःहून काढून देत नाही. डब्ल्यू-२ (पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कंपनीचा फॉर्म) पुढच्या बाजूला लावा. सॉफ्टवेअर ढीगभर वर्कशीट छापतं, ती तुमच्या फाइलला. बाकी फॉर्म उजव्या कोपऱ्यातल्या सीक्वेन्स नंबरप्रमाणे लावायचे.

डब्ल्यू-७ सोबत ओळखीचा पुरावा म्हणून पासपोर्टची झेरॉक्स नोटरी करून पाठवली तर चालत नाही. मूळ पासपोर्ट टपालात टाकायला जीव धजावत नाही, तेही बरोबरच. त्यापेक्षा सर्टिफाइंग अॅक्सेप्टन्स एजंट गाठा, तो पासपोर्ट बघून प्रमाणपत्र देतो. नाहीतर आयआरएसच्या (अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या) टॅक्सपेअर असिस्टन्स सेंटरची अपॉइंटमेंट घ्या. तिथे तपासून पासपोर्ट लगेच परत देतात.

आता पत्ता. इथे सगळ्यात जास्त सांभाळा. सॉफ्टवेअर तुमच्या राज्याप्रमाणे आयआरएसचा नेहमीचा पत्ता छापतं. डब्ल्यू-७ जोडलेला रिटर्न मात्र तिथे पाठवायचा नसतो. तो टेक्सासमधल्या ऑस्टिनला, आयटीआयएन ऑपरेशनकडे जातो. पत्ता डब्ल्यू-७ च्या सूचनांमधून पाहून लिहा. तो पोस्ट ऑफिस बॉक्स आहे, त्यामुळे खासगी कुरिअर तिथे पोचवत नाही.

पाकीट पेटीत टाकू नका. यूएसपीएसच्या (सरकारी टपाल खात्याच्या) काउंटरवर जा, सर्टिफाइड मेल करा, रिटर्न रिसीट (पाकीट मिळाल्याची पोचपावती) मागा आणि तारखेचा शिक्का हाताने मारून घ्या. १५ एप्रिलच्या आत शिक्का पडला की रिटर्न वेळेत भरला असं धरतात, मग तो कधीही पोचो. पावती आणि सगळ्या कागदांची स्कॅन कॉपी जपून ठेवा. टॅक्स देणं निघत असेल तर चेकऐवजी ऑनलाइन भरा. रिफंड असेल तर बँकेचा राउटिंग नंबर दोनदा तपासा. राज्याचा रिटर्न या पाकिटात नको, तो वेगळा.

आयटीआयएनला साधारण सात आठवडे लागतात, सीझनमध्ये नऊ ते अकरा. पत्र टपालानेच येतं आणि आपण नवे लोक तर लीज संपली की घर बदलतो. मधल्या काळात पत्ता बदललात तर फॉर्म ८८२२ भरून आयआरएसला कळवा आणि यूएसपीएसकडे टपाल वळवण्याची विनंतीही त्याच दिवशी टाका.