जोडीने गीत लिहिताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गाण्याची आवड असलेली माणसे शोधावी लागत नाहीत. भजनी मंडळे, शिवजयंतीचे चित्ररथ, गणेशोत्सव मंडळांना दरवर्षी हवी असणारी नवी गाणी, आणि कडोली, येळ्ळूर, उचगाव यांसारख्या गावांतली मराठी साहित्य संमेलने यांच्या निमित्ताने ‘आपण मिळून एक गाणं लिहूया की’ असे कोणी ना कोणी कोणाला तरी म्हणतच असते. अशा कितीतरी जोड्या दोन-तीन गाण्यांनंतर थांबतात आणि त्याचे खापर स्वभावावर फोडले जाते. दोष बहुधा कामाच्या रीतीत असतो. एकाने ओळ लिहून व्हॉट्सॲपवर पाठवायची, दुसऱ्याने पसंतीचा अंगठा पाठवायचा आणि ओळ मंजूर झाली असे समजायचे, म्हणजे ती वाचून मंजूर होते, गाऊन होत नाही. पुढच्या बहुतेक चुका या एकाच सवयीतून निघतात.

अक्षरे मोजणे आणि मात्रा विसरणे

दोघांनी वेगवेगळ्या बसून लिहिलेल्या ओळी जुळत नाहीत, ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे. समजा, एकाने मुखड्याची, म्हणजे ध्रुवपदाची, पहिली ओळ लिहिली: ‘रान भिजले, वाट भिजली’. दुसऱ्याने दहा अक्षरे मोजून दुसरी ओळ दिली: ‘पाणंदीला आला मोठा पूर’. अक्षरे दोन्हींकडे दहाच आहेत. ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घ अक्षराची दोन, या हिशेबाने मात्रा मोजल्या तर मात्र पहिली ओळ चौदा मात्रांची आणि दुसरी एकोणीस मात्रांची निघते. पहिली ओळ ‘रान’ तीन, ‘भिजले’ चार, ‘वाट’ तीन, ‘भिजली’ चार अशी रूपक तालाच्या सात मात्रांच्या दोन आवर्तनांत, म्हणजे ठेक्याच्या दोन फेऱ्यांत, आपसूक बसते. दुसरी ओळ त्याच चालीवर म्हणताना गायकाला पाच मात्रा कुठेतरी कोंबाव्या लागतात आणि ‘मोठा पूर’ घाईघाईत उरकला जातो.

यावर ‘गाताना ओढून घेऊ’ असे उत्तर हमखास मिळते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षर ताणता येते आणि ताणलेले कानाला खटकतही नाही, पण गुरू म्हणजे दीर्घ अक्षर दाबले की शब्द घसरतो आणि श्रोत्याला तो नीट ऐकूच येत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा ओळ जड ठेवण्यापेक्षा हलकी ठेवावी.

आता नुसता बेरजेचा हिशेब जुळवला तरी भागत नाही. ‘पूर आला पाणंदीत’ ही ओळ नेमकी चौदा मात्रांची आहे. टाळी देत म्हणून पाहा: पहिले आवर्तन ‘पूर’ आणि ‘आला’ असे स्वच्छ तुटते, पण दुसऱ्या आवर्तनात तीन मात्रांनंतरची टाळी ‘पाणंदीत’मधल्या ‘णं’च्या पोटात पडते आणि शब्द मधोमध चिरला जातो. ‘पूर आला, शेत बुडले’ असे केले की तीन-चार, तीन-चार हा तोल परत येतो. ज्याला ‘पाणंद’ हा शब्द फार आवडला असेल त्याने तो कडव्यात, जिथे चाल वेगळी असेल तिथे, राखून ठेवावा. आवडलेल्या शब्दासाठी मुखडा मोडू नये.

उपाय साधा आहे. लिहिण्याआधी ताल ठरवा, फोनवर त्याचा ठेका लावा आणि कोणतीही ओळ मांडीवर टाळी देत तीनदा म्हटल्याशिवाय दुसऱ्याकडे पाठवू नका. पाठवताना अक्षरांबरोबर आवाजाची फीतही पाठवा. सूर कच्चा असला तरी चालेल, कारण दुसऱ्याला हवी असते ती शब्दाची जागा.

कानडी वळणाच्या चाली आणि मराठी शब्दांची शेपटी

सीमाभागातल्या माणसाच्या कानावर कानडी गाणी लहानपणापासून असतात, आणि ती उसनी घेण्याची परंपराही मोठी आहे. बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 1880 मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी नाट्यपदांत कर्नाटकी वळणाच्या चाली वावरत आल्या आहेत. तेव्हा चाल कुठून आली यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. अडचण निराळीच आहे. कानडी शब्द बहुतेक स्वरात संपतात: मने (घर), हालु (दूध), मळे (पाऊस). मराठीत घर, दूध, ऊन, पाऊस हे शब्द लिहिताना अकारान्त असले तरी उच्चारात व्यंजनावर थांबतात. कानडी वळणाच्या चालीत ओळीच्या शेवटी लांब स्वर असतो, आणि तिथे ‘आला पाऊस’ ठेवले की गायक ‘स’वर अडकतो. मग तो ‘पाऊसऽऽ’ असा न बोलला जाणारा उच्चार तरी करतो, नाहीतर स्वर अर्ध्यावर सोडून देतो.

इथे शब्द बदलायची गरज बहुधा नसते, क्रम बदलला की पुरते. ‘पाऊस आला’ असे म्हटले की लांब स्वर ‘ला’च्या आकारावर मोकळा होतो. हाच नियम तारसप्तकातल्या जागांना लावावा. वरच्या स्वरावर इकार किंवा उकार आला की पुष्कळांचा गळा आवळतो, आकारावर तो खुलतो. शेवटची अक्षरे तपासण्याचे काम जोडीतल्या गाणाऱ्याकडे असावे आणि त्याने ‘जमत नाही’ म्हटले की लिहिणाऱ्याने वाद घालू नये.

बोलणारा माणूस मध्येच बदलणे

जोडीतला एकजण पुस्तकी मराठीत वाढलेला आणि दुसरा घरी ‘काय करालास?’ असे बोलणारा असला की पहिले कडवे प्रमाण भाषेत आणि दुसरे बोलीत जाते. दोन्ही भाषा आपापल्या जागी गोड आहेत, पण एकाच गाण्यात एकाच माणसाच्या तोंडी त्या आलटून पालटून आल्या की ऐकणाऱ्याला गाणे कोण म्हणत आहे हेच कळेनासे होते. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. इथल्या पुष्कळ मुली आणि बायका बोलताना सहज ‘मी जातो’, ‘मी आलो’ असेच म्हणतात. बोलीतल्या गाण्यात नायिकेच्या तोंडी ते शोभते, पण पुढच्याच कडव्यात ‘मी जाते’ आले की ती लेखनाची चूक वाटते. गाणे पुण्या-मुंबईकडेही पोहोचावे अशी इच्छा असेल तर ‘मला जाऊ दे’, ‘माझा जीव’ अशी लिंगाचा प्रश्नच न येऊ देणारी रचना करता येते. गाणे कोणाच्या तोंडी आहे, ती व्यक्ती कुठली आणि ती कोणाशी बोलते आहे, हे वहीच्या पहिल्या पानावर दोघांच्या संमतीने लिहून ठेवावे.

भिडेखातर केलेली ओळ

दोघांच्या दोन ओळी समोर आहेत आणि दोघांनाही आपापली आवडते. अशा वेळी एकीचा पहिला अर्धा आणि दुसरीचा उरलेला अर्धा घेऊन तिसरी ओळ केली जाते, आणि ती जवळजवळ नेहमीच तिघींत सर्वांत फिकी असते. मैत्री राखायला केलेली ही तडजोड गाण्याला फार महाग पडते. त्यापेक्षा दोन्ही ओळी चालीवर गाऊन, कोणाची कोणती हे न सांगता, घरातल्या किंवा मंडळातल्या तिसऱ्या माणसाला ऐकवाव्यात. दुसऱ्या दिवशी त्याला जी आठवेल ती ठेवावी. कडव्यापुरता शेवटचा शब्द कोणाचा, हे आधीच ठरलेले असले तरी पुष्कळ भांडणे वाचतात. मात्र हरलेली ओळ खोडू नये, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावी. पुढच्या गाण्याचा मुखडा कधीकधी तिथेच सापडतो.

अंतरा मुखड्याकडे परततच नाही

मुखडा एकाचा आणि अंतरे, म्हणजे कडवी, दुसऱ्याची अशी वाटणी केली की हे हटकून घडते. कडव्याची शेवटची ओळ आणि ध्रुवपदाची पहिली ओळ सलग म्हणून पाहावी. अर्थ तुटत असेल तर कडव्याची शेवटची ओळ पुन्हा लिहावी. कडवे सुरुवातीपासून सुधारत बसू नये.

नाव, हक्क आणि मंडळाची मागणी

लोकप्रिय सिनेगीताच्या चालीवर नवे शब्द बसवून मंडळात वाजवणे आपल्याकडे सर्रास चालते, पण तेच गाणे यूट्यूबवर टाकले की चालीच्या मालकाचा दावा येऊ शकतो. शब्द तुमचे असले तरी चाल तुमची नसते. भारतीय कायद्यात गीताचे शब्द ही साहित्यकृती आणि चाल ही संगीतकृती अशा दोन स्वतंत्र गोष्टी मानल्या जातात.

शब्द दोघांनी मिळून लिहिले असतील आणि कोणाचा भाग कोणता हे वेगळे काढता येत नसेल, तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती संयुक्त कृती ठरते. तिचे संरक्षण दोघांपैकी जो मागे राहील त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकते, म्हणजे हा व्यवहार उद्या मुलाबाळांपर्यंत जाणार असतो. हक्क मिळवण्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, पण पुरावा लागतोच, म्हणून तारखा घातलेले कच्चे खर्डे आणि आवाजाच्या फिती जपून ठेवाव्यात. नावांचा क्रम, मिळालेल्या पैशांची वाटणी आणि गाणे तिसऱ्याला देताना दोघांची संमती हवी की एकाची पुरे, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. त्याच कागदावर शब्द बदलण्याविषयीही एक वाक्य असावे, कारण गणपती चार दिवसांवर आले की मंडळाचे कार्यकर्ते दुसऱ्या कडव्यात मंडळाचे आणि गल्लीचे नाव घाला म्हणून दारात उभे राहतात. तेव्हा होकार कोणी द्यायचा, आणि त्या नावाच्या मात्रा कोणी जुळवायच्या, हे आधीच ठरलेले बरे.