डीएनएस बदलला, पण सगळीकडे दिसतोय का? तपासायची रीत

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीची वेबसाइट नव्या होस्टिंगवर हलवली की संध्याकाळपर्यंत तीन फोन ठरलेले. ऑफिसात नवी साइट दिसते, निपाणीच्या डीलरला जुनी, आणि जर्मनीतल्या गिऱ्हाइकाची मेल परत येते. "अजून पसरलं नसेल, ४८ तास थांबा" असं सांगून मोकळं होता येतं, पण हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं.

कारण डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता सांगणारी व्यवस्था, पसरत नाही. तुमचा नेमसर्व्हर (तुमच्या डोमेनच्या नोंदी, म्हणजे रेकॉर्ड, ठेवणारा सर्व्हर) कुणाच्या दारात निरोप घेऊन जात नाही. रिझॉल्व्हर (इंटरनेट वापरणाऱ्याच्या वतीने पत्ता शोधणारा सर्व्हर) स्वतः येऊन उत्तर नेतो, टीटीएलमध्ये, म्हणजे उत्तराच्या मुदतीच्या आकड्यात, लिहिलेले सेकंद ते जवळ ठेवतो आणि मुदत संपल्यावर कुणी विचारलं तरच पुन्हा येतो. मग तपासायचं एवढंच: नवं उत्तर मुळाशी बसलंय का, आणि जुनं कुणाकडे किती वेळ उरलंय.

खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप मात्र रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करा. 'डिग' हे डीएनएसला प्रश्न विचारायचं साधन लिनक्सवर आणि मॅकवर मिळतं. अँड्रॉइडवर टर्मक्स ॲपमध्ये 'डीएनएसयुटिल्स' हे पॅकेज टाकलं की चालतं. विंडोजवर 'एनएसलुकअप' आहेच. त्यात 'नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर' असं आलं तर घाबरू नका, उत्तर थेट मूळ नेमसर्व्हरकडून नाही, रिझॉल्व्हरमार्फत आलं एवढाच त्याचा अर्थ.

खरं काम बदलाच्या आधी सुरू होतं. आत्ताचा टीटीएल बघा. सी-पॅनेल या होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलवर तो बऱ्याचदा १४४००, म्हणजे चार तास असतो. काही ठिकाणी ८६४००, म्हणजे पूर्ण दिवस. तो ३०० करा आणि जुना टीटीएल जितका होता तितका वेळ जाऊ द्या, मगच आयपी बदला. आयपी आणि टीटीएल एकाच वेळी बदलून उपयोग नाही, ज्यांनी जुनं उत्तर नेलंय ते जुन्याच मुदतीने धरून बसतात. बदल केलेली वेळ कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

बदल केला की पहिली कमांड: 'डिग तुमचंनाव.कॉम एनएस +शॉर्ट'. नेमसर्व्हरची जी नावं येतील, त्याच कंपनीच्या पॅनेलमध्ये तुम्ही रेकॉर्ड बदललाय का? सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. डोमेन एकीकडे घेतलेलं, होस्टिंग दुसरीकडे, डीएनएस क्लाउडफ्लेअरवर, आणि माणूस होस्टिंगच्या झोन एडिटरमध्ये (झोन म्हणजे डोमेनच्या रेकॉर्डची यादी) रेकॉर्ड बदलून दोन दिवस वाट बघत बसलाय. त्या झोनला जगात कुणी विचारतच नाही, तर दोन दिवस काय, दोन वर्षं थांबा की.

नंतर त्या प्रत्येक नेमसर्व्हरला थेट विचारा: 'डिग @नेमसर्व्हरचंनाव तुमचंनाव.कॉम ए +नोरिकर्स'. यातला 'ए' म्हणजे आयपी पत्त्याचा रेकॉर्ड. फ्लॅग्जमध्ये 'एए' दिसलं की हे उत्तर मुळातलं, कॅशमधलं (आधी नेऊन जवळ ठेवलेलं) नाही. सगळे नेमसर्व्हर सारखेच आहेत का हे बघायला 'डिग तुमचंनाव.कॉम +एनएससर्च' चालवा. प्रत्येकाचा एसओए रेकॉर्ड (झोनची मुख्य माहिती देणारा) एकेका ओळीत येतो. त्यात दोन नावांनंतरचा आकडा म्हणजे सिरियल, झोनच्या आवृत्तीचा क्रमांक. एकाचा सिरियल मागे असेल तर तो नेमसर्व्हर जुनीच उत्तरं वाटतोय, आणि ते कितीही थांबून आपोआप सुटेलच असं नाही. होस्टिंगवाल्याला फोन करा.

मुळाशी सगळं ठीक असेल तरच सार्वजनिक रिझॉल्व्हरकडे वळा: गूगलचा ८.८.८.८, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१, क्वाड९ चा ९.९.९.९. 'डिग @८.८.८.८ तुमचंनाव.कॉम ए' याचं उत्तर, टीटीएल आधी कमी केला नसेल तर, समजा असं आलं:

तुमचंनाव.कॉम. ८१४० आयएन ए १९८.५१.१००.७

पत्ता जुना आहे आणि ८१४० सेकंद, म्हणजे २ तास १५ मिनिटं ४० सेकंद उरलेत. दहा सेकंदांनी परत विचारलं तर ८१३० यायला हवं. मध्येच १२९०० आलं तर चक्रावू नका: ८.८.८.८ हे एक मशीन नाही, त्यामागे बऱ्याच मशीन आहेत आणि त्यांच्या कॅश वेगवेगळ्या असतात. पाच-सहा वेळा विचारा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. गूगल आणि क्लाउडफ्लेअर दोघांकडेही कॅश पुसायचं पान आहे, तिथे डोमेन आणि रेकॉर्डचा प्रकार घातला की त्यांच्यापुरतं जुनं उत्तर जातं.

आता कागदावरची वेळ काढा. सकाळी ११ ला बदल, जुना टीटीएल १४४००, तर दुपारी ३ नंतर जिथे जुनं दिसेल तिथे बहुधा कारण वेगळं आहे. ४८ तासांची गोष्ट खरी आहे ती नेमसर्व्हर बदलताना: डॉट कॉमच्या सर्व्हरवर एनएस रेकॉर्डचा टीटीएल १७२८०० सेकंद असतो. त्या दोन दिवसांत जुने नेमसर्व्हर बंद करू नका, आणि नवे रेकॉर्ड तिथेही घाला. म्हणजे कुणी कुठेही विचारलं तरी उत्तर एकच.

जगभरचं चित्र बघायला 'व्हॉट्समायडीएनएस' किंवा 'डीएनएसचेकर' या साइट सोयीच्या आहेत, पण त्यातल्या हिरव्या खुणांवर फार जीव टाकू नका. लाल फुली कधीकधी त्या रिझॉल्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही एवढ्यानेच येते. सीडीएन (साइटच्या प्रती जगभरच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) असेल तर प्रत्येक देशात वेगळा आयपी दिसणं बरोबरच आहे, आणि क्लाउडफ्लेअरचा प्रॉक्सी (तुमच्या सर्व्हरच्या पुढे उभा राहणारा मधला सर्व्हर) चालू असेल तर तुमच्या सर्व्हरचा आयपी कधीच दिसणार नाही. जर्मनीतल्या कंपनीचा आतला रिझॉल्व्हर तर या साइटना दिसतच नाही; त्यांच्याच माणसाला 'एनएसलुकअप' चालवून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा.

एक सवय मोडा: नवा सबडोमेन तयार करायच्या आधीच तो या साइटवर टाकून बघणं. "असं नाव नाही" हे उत्तरसुद्धा कॅश होतं. किती वेळ, ते एसओएमधला शेवटचा आकडा आणि एसओएचा स्वतःचा टीटीएल यातला लहान असेल तो ठरवतो.

"कर्नाटकात दिसतंय, कोल्हापुरात नाही" असं ऐकलं की सीमेला दोष देऊ नका, निदान या बाबतीत तरी. खडे बाजारातल्या एकाच दुकानात वायफायवर नवी साइट आणि मोबाइल डेटावर जुनी दिसू शकते, कारण दोघांचे रिझॉल्व्हर वेगळे. पण मुदत उलटून गेल्यावरही असं होत असेल तर एएएए रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्याचा रेकॉर्ड, तपासा. ए रेकॉर्ड बदलला आणि आयपीव्ही६ चा जुना पत्ता तसाच राहिला, तर जिओसारख्या आयपीव्ही६ वर चालणाऱ्या नेटवर्कवरचे लोक जुन्याच सर्व्हरवर जात राहतात.

एकाच कॉम्प्युटरवर अडत असेल तर विंडोजमध्ये 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' चालवा, ब्राउझर बंद करून उघडा, आणि होस्ट्स फाइलमध्ये (कॉम्प्युटरमधली नाव-पत्त्यांची यादी) टेस्टिंगच्या वेळी घातलेली ओळ राहिली नाही ना ते बघा. ती ओळ हमखास विसरते. फोनवर 'प्रायव्हेट डीएनएस' चालू असेल तर तो वायफायच्या रिझॉल्व्हरला विचारतच नाही.

उत्तराऐवजी 'सर्व्हफेल' आलं तर डीएनएसेकचा (डीएनएस उत्तरांवरची डिजिटल सही तपासायची व्यवस्था) संशय घ्या: नेमसर्व्हर बदलले आणि रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन घेतलं तिथे, त्या सहीची जुनी खूण असलेला डीएस रेकॉर्ड राहिला. कमांडला '+सीडी' जोडल्यावर उत्तर आलं तर निदान पक्कं. मेल परत येत असेल तर एमएक्स (मेल कुठे पोचवायची ते सांगणारा रेकॉर्ड) बघा. काही पॅनेलमध्ये शेवटी टिंब दिलं नाही तर डोमेन दोनदा जोडलं जातं आणि 'मेल.तुमचंनाव.कॉम.तुमचंनाव.कॉम' असला पत्ता तयार होतो. डॉट भारतचं देवनागरी डोमेन असेल तर या सगळ्या कमांडना 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं त्याचं पुनीकोड, म्हणजे रोमन अक्षरांतलं, रूप द्या.

सगळं जुळलं की टीटीएल वाढवून ३६०० करा. जुनं होस्टिंग लगेच सोडू नका, तिथला ॲक्सेस लॉग आणि मेलबॉक्स रोज उघडून बघा. लॉगमध्ये बॉट सोडून कुणी येत नाही आणि मेलबॉक्समध्ये नवी मेल पडत नाही, असे सलग दोन-तीन दिवस गेले की मग बंद करा.