‘अ‍ॅडमिन राइट्स द्या’ म्हणणाऱ्याला नेमकं काय हवं असतं?

डेस्कटॉप सपोर्टला लागलात की हा कॉल येणारच: “सर, सॉफ्टवेअर उघडलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतंय.” महिनाअखेर, समोर अकाउंट्सचा माणूस घायकुतीला आलेला. त्याचं अकाउंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपमध्ये टाकलं की दोन मिनिटांत तिकीट बंद. कित्येक ऑफिसांत असंच चालतं. ते करू नका. एका प्रोग्रॅमपायी अख्खं मशीन त्याच्या हवाली होतं आणि मेलमधून आलेल्या भलत्याच फाइललाही एका ‘येस’वर रान मोकळं मिळतं.

दुखणं जुनं आहे. विंडोज एक्सपीच्या काळात बहुतेक जण अ‍ॅडमिन म्हणूनच काम करायचे. त्यामुळे प्रोग्रॅम लिहिणारेही सेटिंग्ज बिनदिक्कत प्रोग्रॅम फाइल्समध्येच ठेवत. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर यूएसी (मशीनमध्ये मोठा बदल करण्याआधी परवानगी विचारणारी सोय) घरोघरी आलं आणि ही सवय उघडी पडली. म्हणजे बऱ्याचदा प्रोग्रॅमला अ‍ॅडमिन नकोच असतो, एका फाइलमध्ये लिहायची परवानगी हवी असते. ती फाइल शोधणं हे तुमचं काम.

आयकॉनवर निळी-पिवळी ढाल (अ‍ॅडमिनचे हक्क मागत असल्याची खूण) दिसली, तर आधी तिला बाजूला सारा. दोन ओळींची बॅच फाइल (विंडोजला द्यायच्या कमांडची साधी टेक्स्ट फाइल) पुरते: पहिल्या ओळीत दोन अंडरस्कोअरने सुरू होणारं ‘कॉम्पॅट_लेयर’ हे व्हेरिएबल ‘रनअ‍ॅजइन्व्होकर’ असं सेट करायचं, दुसऱ्या ओळीत प्रोग्रॅमचा पाथ. यात जास्तीचे हक्क कुणालाच मिळत नाहीत. प्रोग्रॅम पासवर्ड न मागता साध्या युजरच्याच हक्कांवर उघडतो. कधी कधी एवढ्यावरच काम भागतं. गंमत म्हणजे जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमच्या नावात ‘सेटअप’ किंवा ‘अपडेट’ असलं, तरी विंडोज त्याला इन्स्टॉलर समजून अडवतं. तिथे नाव बदललं की झालं.

प्रोग्रॅम उघडून मध्येच अडकला, तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातला प्रोसेस मॉनिटर काढा. प्रोग्रॅम कुठल्या फाइलला हात लावतो ते तो दाखवतो. युजरच्याच लॉगिनमध्ये तो अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकून चालवा. अडकणारा प्रोग्रॅम मात्र साधाच चालू द्या. सुरुवातीला हजारो ओळी धावताना बघून डोळे फिरतात. फिल्टरमध्ये प्रोसेसचं नाव टाका आणि रिझल्ट ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ ठेवा. मोजक्याच ओळी उरतात, आणि बहुतेक वेळा त्यातच एखादी ‘आयएनआय’ (सेटिंग्जची) फाइल किंवा रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली, लोकल मशीनखालची की सापडते. सगळ्याच ओळी कामाच्या नसतात. प्रोग्रॅम जिथे थांबला, तिथली बघा. मग फक्त त्या फाइलवर किंवा डेटाच्या फोल्डरवर युजर्स ग्रुपला ‘मॉडिफाय’ द्या. ज्या फोल्डरमध्ये ‘ईएक्सई’ आहे तो अख्खा मोकळा करू नका. तिथे कोणीही ती फाइल बदलून ठेवेल आणि पुढे तुम्हीच ती अ‍ॅडमिन म्हणून चालवाल.

एक वेगळी तक्रार: एकाच मशीनवर दोघांना वेगवेगळा डेटा दिसतो. जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमचं लिखाण विंडोज गुपचूप प्रत्येक युजरच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरमध्ये वळवतं. आधी तिथे डोकवा.

‘रनअ‍ॅज’ला ‘सेव्हक्रेड’ जोडून, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने प्रोग्रॅम चालवणाऱ्या कमांडला पासवर्ड लक्षात ठेवायला लावून, शॉर्टकट बनवायची युक्ती तुम्हाला कोणीतरी कौतुकाने दाखवेल. सेव्ह झालेला तो पासवर्ड एका प्रोग्रॅमपुरता राहत नाही. युजर त्याच वाटेने कमांड प्रॉम्प्टही उघडू शकतो. शिवाय अ‍ॅडमिन म्हणून चाललेल्या प्रोग्रॅमच्या ‘फाइल ओपन’ खिडकीतूनही दुसरे प्रोग्रॅम सुरू करता येतात. ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणाऱ्या टास्क शेड्यूलरमधलं ‘हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ साध्या युजरला काहीच जास्तीचं देत नाही. टास्क विंडोजच्या स्वतःच्या सिस्टिम अकाउंटवर लावला तर त्याची खिडकी युजरला दिसत नाही, त्यामुळे तो मार्ग पडद्यामागच्या कामांनाच ठीक.

खरंच हक्क लागतात अशीही कामं असतात. चाकण-भोसरीकडच्या ऑटोमेशनवाल्या इंजिनिअरला पीएलसीशी (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरशी) जोडायला सारखा आयपी बदलावा लागतो. त्याला नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स ग्रुपमध्ये घाला, अ‍ॅडमिन करायची गरज नाही. ड्रायव्हर टाकायचा असेल तर स्वतः जाऊन टाका. तेव्हा वापरायचा लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड प्रत्येक मशीनला वेगळा हवा. त्यासाठीचं लॅप्स हे मायक्रोसॉफ्टचं साधन २०२३ पासून विंडोजमध्येच येतं.

तिकीट बंद करताना कोणत्या पाथवर कोणती परवानगी दिली ते लिहून ठेवा. मशीन बदललं की हाच कॉल परत येतो. मशीन बरीच असतील, तर तीच परवानगी ग्रुप पॉलिसीतल्या (सगळ्या मशीनना एकत्र नियम लावायच्या सोयीतल्या) फाइल सिस्टिमखाली एकदाच लावता येते.