शिवणकामासाठी डमी घेताय? आधी टाचणी टोचून बघा

डमी, म्हणजे कपडा चढवून बघायचा धडाचा पुतळा, घ्यायची म्हटलं की सगळे पहिलं छातीचं माप विचारतात, ३४ ची घेऊ का ३६ ची, पण माझं म्हणणं असं की त्याच्याही आधी टाचणी टोचून बघायची. दुकानात साडी नेसवून उभे केलेले ते चकचकीत फायबरचे पुतळे दिसायला छान असतात, पण त्यांच्यात टाचणी जात नाही, म्हणजे ते कपडा दाखवायला ठीक, शिवायला नाही. आपल्याला फोमची, वरून कापड बसवलेली डमी हवी. टाचणी सरळ आत जाऊन उभी राहिली तर उत्तम, तिरकी करून अडकवावी लागली तर फोम पातळ आहे, फिटिंग बघायला चालेल पण मांजरपाट लावून ड्रेपिंग, म्हणजे कापड थेट डमीवर टाचून आकार देणं, करायचं असेल तर जीव मेटाकुटीला येतो.

आता मापं. छाती, कंबर, सीट (नितंबांचा घेर) तर घ्याच, पण शोल्डर आणि पाठीची लांबी म्हणजे मानेच्या मागच्या हाडापासून कंबरेपर्यंत, ही दोन मापं बहुतेक जण विसरतात आणि तिथेच सगळं फसतं, कारण कंबर बरोबर असूनही डमीची कंबर तुमच्या कंबरेपेक्षा एक इंच खाली असेल तर त्यावर बसवलेला प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणाऱ्या उभ्या शिवणीचा) तुमच्या अंगावर चुण्या पाडणारच. कंबर सापडत नसेल तर नाडी बांधा आणि थोडं डावीउजवीकडे वाका, नाडी जिथे जाऊन थांबते ती तुमची कंबर.

दोन साइजच्या मधे अडकलात तर डोळे मिटून लहान घ्या. लहान डमी भरून मोठी करता येते, मोठी कापून लहान करता येत नाही, शोल्डर तर अजिबातच नाही. तुमची रोजची ब्रा डमीला घाला, कपमधे पॉलिस्टरचा कापूस भरा, पोट, सीट, पाठ जिथे कमी पडेल तिथे कापसाचे थर लावत टेपने मोजत जा आणि वरून होजिअरीच्या कापडाचं घट्ट कव्हर शिवून टाका. एक खांदा खाली असेल तर दुसरा भरून तोही फरक दाखवा, मग ब्लाऊज गळ्यातून का सरकतो ते लगेच कळतं.

डायल फिरवून लहानमोठी होणारी डमी कोणी घ्यावी, तर जे वेगवेगळ्या मापाच्या लोकांचं शिवतात, गॅदरिंगचे, नाटकाचे कपडे करतात त्यांनी. फक्त हे लक्षात ठेवा की डायल उघडले की अंगावर फटी पडतात, टाचणी नेमकी फटीत जाते, आणि छातीचा घेर वाढला तरी उभार तोच राहतो, म्हणून आपलं नेहमीचं माप तिच्या शेवटच्या टोकाला नको, सुरुवातीच्या बाजूला यायला हवं. स्वतःचेच कुर्ते, ब्लाऊज शिवायचे असतील तर मी साधी भरीव डमीच घ्या म्हणेन.

कॉस्च्युमवाल्यांनी स्टँड हलवून बघाच. अस्तर, कॅनकॅन (घेर फुलवणारी कडक जाळी) आणि जरीकाम असलेला घागरा वजनदार असतो, प्लॅस्टिकच्या तीन पायांवर तो एका बाजूला कलतो, त्यापेक्षा जड लोखंडी बूड बरं. उंची कमीजास्त होणारा दांडा हवा, कारण उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, कापडाचा घेर एक रात्र डमीवर लटकवून ठेवायचा आणि मग जमिनीपासून मोजून खालची कड सारखी करायची असते, लगेच दुमडलीत तर नंतर घेर खालीवर लोंबतो. शिवलेली नऊवारी, धोती, सलवार करत असाल तर पाय असलेली डमी लागते, नाहीतर काष्टा कुठे खेचला जातोय ते दिसतच नाही. बाह्या मात्र डमीवर बघू नका, मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडतात तिथलं, फिटिंग माणसाला हात वर करायला लावूनच तपासायचं.

बजेट नसेल तर जुना घट्ट टीशर्ट घालून मैत्रिणीकडून त्यावर डक्ट टेपचे दोनतीन थर चिकटवून घ्या, फार आवळू नका, श्वास नीट घेता आला पाहिजे, मग पाठीमागून सरळ कापून काढा, परत चिकटवा आणि चिंध्या ठासून भरा. रोजच्या कपड्यांना मस्त चालते.

आणि कुठलीही डमी असो, छाती, कंबर, सीटवर आणि पुढच्यामागच्या मधोमध बारीक काळी रिबन टाचून ठेवा, पातळ कापड लावलं तरी खालून रेघ दिसते.