अन्नसुरक्षेची जागृती करायला निघालात? या चुका टाळा

गावात अन्नसुरक्षेचा कार्यक्रम ठरला की सगळ्यात आधी बॅनर छापायला जातो. मग पाहुणे ठरतात, पुष्पगुच्छ येतात, आणि ज्यांच्या हातात स्वयंपाकाचा डाव असतो त्या आचाऱ्यांना मात्र कुणी बोलावत नाही. देवस्थान समित्या, महिला मंडळे आणि स्वयंसहाय्य गटांबरोबर काम करताना हीच चूक मला सगळ्यात जास्त दिसते, आणि तिचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका देवळात वर्धापनदिनाला गेले होते. सभामंडपात पाहुणे दुधातला स्टार्च आयोडीनने कसा ओळखायचा ते दाखवत होते. दूध निळे झाले, टाळ्या पडल्या. मागे रांधपघरात, म्हणजे स्वयंपाकघरात, महाप्रसाद सकाळीच तयार होऊन बसला होता. मणगणे (हरभऱ्याची डाळ, गूळ आणि नारळाच्या रसाची खीर) सगळ्यांत आधी झाले होते, दाट रस घालून, भल्यामोठ्या टोपात. आरती लांबली, त्याहून जास्त भाषणे लांबली. मी झाकण उचलले तर वाफेचा पत्ता नाही. थर्मामीटर आत घातला, काटा चाळीसच्या थोडा पुढे जाऊन थांबला. आचारी म्हणाले, “धांपून दवरलां, कांयच जावचें ना.” (झाकून ठेवलंय, काहीच होणार नाही.)

झाकल्याने माशी बसत नाही, जंतू थांबत नाहीत. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात ते झपाट्याने वाढतात आणि नारळाचा रस घातलेला पदार्थ त्यांना फार मानवतो. भाताचेही तेच. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त, कवचबंद रूपे, भात शिजला तरी मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात, आणि त्यांचे उलटी करवणारे विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून “वाढण्याआधी एक कढ काढू” ही पळवाट मला अजिबात मान्य नाही. त्या दिवशी समितीत बरीच कुरबुर झाली, पण अध्यक्षांनी ऐकले. मणगणे पंगतीत गेले नाही, केळी आणि गूळ वाढला.

माझी सवय सांगते. पंगतीची वेळ आधी ठरवून घ्यायची आणि तिथून उलटे मोजत रांधप लावायचे. मणगण्याची डाळ उशिरा शिजवायची, दाट रस काढून फ्रीजमध्ये ठेवायचा आणि आरती सुरू झाली की घालायचा. भात एकदम न शिजवता टप्प्याटप्प्याने चढवायचा. वरण, खतखते (मिश्र भाज्यांची आमटी) मंद जाळावर, वाफ सतत दिसेल असे. स्वयंपाकासाठीचा थर्मामीटर मंडळाच्या पैशातून घ्या, बॅनरच्या आधी. आणि भाषण करायचेच असेल तर रांधपघरात, चुलीशेजारी, आदल्या दिवशी करा. आचारी मंडळींना दादा, काकी म्हणून, त्यांच्या कामात हात घालून सांगितले तर ती ऐकतात.

दुसरी चूक म्हणजे सगळी जागृती भेसळीच्या भीतीवर उभी करणे. जुलै 2018 मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मेलिन हे घातक रसायन असल्याची बातमी आली, परराज्यातल्या मासळीवर काही काळ बंदी आली, आणि त्यानंतर कुठल्याही गावात गेले तरी पहिला प्रश्न फॉर्मेलिनचाच. तो रास्त आहे, तपासणी व्हायलाच हवी. पण वक्ते तिथेच थांबतात आणि बर्फाबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. बांगडा, तारली, कुपा (ट्यूना) ही मासळी बर्फाविना उन्हात राहिली की तिच्यात हिस्टामिन नावाचे बाधणारे द्रव्य तयार होते. ते तळून जात नाही, हुमण (माशांची आमटी) कितीही उकळले तरी जात नाही. जेवल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके दुखते. घरची माणसे ‘बांगडा बाधला’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, बाहेरून आलेली मासळी बाजारात जास्त असते. तेव्हा तर हे सांगायलाच हवे. मी बाजारात मासळी सगळ्यात शेवटी घेते, मासळीवालीकडून वर मूठभर बर्फ मागून घेते आणि वाटेत कुठे गप्पा मारत थांबत नाही. कार्यक्रमातही हेच सांगते. बायका मान डोलावतात, कारण हे उद्या सकाळी करता येण्यासारखे आहे.

गोबी मंच्युरियनचेही असेच झाले. 2022 मध्ये वास्कोच्या श्री दामोदर भजनी सप्ताहात त्याच्या गाड्यांवर निर्बंध आले, 2024 मध्ये म्हापसा नगरपालिकेने बंदी घातली. त्यातल्या कृत्रिम लाल रंगावर भरपूर चर्चा झाली. शेजारच्या गाड्यावर बशा ज्या बादलीत बुचकळतात त्या पाण्याचे काय, हे विचारणारे फार थोडे भेटले.

बाकीच्या थोडक्यात. हातमोजे वाटून मोकळे होऊ नका. त्याच हातमोज्यांनी पैसे घेतले तर उघडे, धुतलेले हात बरे. भजी वर्तमानपत्रात बांधू नका, शाई अन्नात उतरते, हे सांगताना गाडेवाल्यासमोर केळीचे पान किंवा कोरा कागद ठेवा, नुसता दम देऊ नका. प्लास्टिकच्या तांदळाचे खोटे व्हिडिओ पुढे पाठवू नका. 7 जूनला जागतिक अन्नसुरक्षा दिन आहे म्हणून त्या एका दिवशी तीन गावे उरकणाऱ्या नव्या उत्साही मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे: एकच गाव घ्या, आणि गणेशचवथीच्या आधी पुन्हा तिथे जा.

एक गोष्ट मात्र कुणीच शिकवत नाही. मोठ्या जेवणातल्या प्रत्येक पदार्थाचा नमुना स्वच्छ डब्यात काढून, वर तारीख आणि वेळ लिहून, तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. कुणाला त्रास झाला तर समित्या घाबरून आधी भांडी घासून टाकतात, आणि मग दोष पाण्याचा की भाताचा हे कधीच कळत नाही. आजाऱ्यांना आधी आरोग्य केंद्रात न्या, डबे अन्न व औषध प्रशासनाच्या माणसांच्या हाती द्या, आणि उरलेले जेवण कुणालाही घरी बांधून देऊ नका.